पोत्यातल्या खुंट्या

होडी घरी आली आणि जाळं समुद्रातच राहिलं, असं आमच्याकडे आजवर कधी झालं नव्हतं. मी किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी. बघते तर शीड अर्धंच चढवलेलं, सुकाणू मागे दोरीनं करकचून बांधलेलं, आणि माझी पोरगी वल्हं पाण्यात तिरकं खुपसून, दातओठ खात होडी वळवतेय. आमचे हे शिडाची दोरी धरून बसलेले, तोंड एवढंसं. होडी वाळूला लागली तशी मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. सुकाणू जरा हललंय."

जरा! पोरीच्या तळहातांची सालटी निघाली होती. ती हात मागे लपवून उभी राहिली.

"आणि जाळं?"

"जिथं टाकलं तिथं आहे. कुठं पळून जातंय?"

जाळं पळत नाही हे मलाही कळतं. पण समुद्र पळवतो ना! रेडिओ कालपासून घसा ताणून सांगत होता, उद्या दुपारनंतर वारा फिरणार, समुद्र खवळणार, कोणी बाहेर जाऊ नका. आणि आमच्याकडे दुसरं जाळं नाही. मागचा अख्खा रिकामा हंगाम आम्ही तिघांनी मांडी घालून ते विणलं होतं, माझ्या बोटांना अजून घट्टे आहेत. उद्या दुपारच्या आत ते ओढून आणलं नाही तर गेलं म्हणायचं, आणि त्याच्याबरोबर सगळा हंगाम.

होडी सासऱ्यांच्या वेळची. माझ्या आधी या घरात आलेली, त्यामुळे तिचा मान माझ्यापेक्षा मोठा. तिच्या पाठीला दोन कड्या आणि सुकाणूला ओतीव पितळेच्या दोन खुंट्या, पट्ट्यांसकट ओतलेल्या; पट्ट्या लाकडाला आवळलेल्या. खुंट्या कड्यांत उतरवल्या की सुकाणू दारासारखं इकडून तिकडे फिरतं. दरवर्षी हे त्या खुंट्यांवर जाड रंग फासतात, वरून कौतुकानं हात फिरवतात. रंगाखाली काय चाललंय ते कोणी पाहिलं नव्हतं.

सुकाणू अंगणात आडवं टाकलं. यांनी रंग खरवडला, खुंट्यांना रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. मग आम्ही तिघं वाकून बसलो. धातू धड असेल तर खडू पांढरा राहतो. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि खडू ओला होतो. बघता बघता वरच्या खुंटीच्या बुडाशी केसाएवढी काळपट रेघ उमटली. मग खालच्या खुंटीला. खालची रेघ तर बुडाला निम्म्याहून जास्त वेढा घालून गेली होती.

"बाबा, ही तर हातात आली असती," पोरगी म्हणाली.

"आली नाही ना?"

"आली असती म्हणतेय मी."

"असती-नसतीचं बोलू नकोस," असं म्हणून हे उठले आणि चप्पल शोधायला लागले.

आधी लाँचवाल्याला विचारून पाहिलं, आमचं जाळं ओढून आणशील का. येताना होडी रिकामी होती, वारा पाठीशी होता, म्हणून वल्ह्यावर निभावलं. ओल्या जाळ्याच्या वजनानं, आडव्या वाऱ्यात ते काही जमायचं नाही. लाँचवाला आपली लाँच वर ओढून घ्यायच्या गडबडीत होता. "तुमचं जाळं मी कुठं शोधत बसू?" म्हणाला. "आणि असलं पणजोबांचं सामान पाण्यात घालता कशाला? घरात लावा, फुलं वाहा." भोवतालची माणसं हसली. हेही हसले. त्यांचं ते हसणं पाहून मला त्या मेल्याच्या तोंडात मूठभर वाळू कोंबावीशी वाटली.

मग धक्क्यावरचा वेल्डर. त्यानं खुंटी हातात घेतली आणि लगेच परत दिली. "हे पितळ आहे, तेही जुनं ओतीव. मी लोखंड जोडणारा माणूस. याला माझी बत्ती लावली तर लोण्यासारखं वितळेल." मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "तुमच्या मेहुण्यांकडे न्या ना. त्यांच्याएवढं..." पुढचं त्यानं गिळलं, कारण सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मेहुणे म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. वडिलांचं धातुकामाचं दुकान तोच चालवतो. दुकानामागे मोकळी जागा आहे. वडील गेल्यावर हे दादाला म्हणाले, यात हिचा अर्धा वाटा आहे, मला तिथं होडीसाठी शेड घालायची आहे. वाटा माझा, मागितला यांनी, आणि मला कोणी विचारलंच नाही! दादा म्हणाला, वडील अंथरुणावर होते तेव्हा कुठं होतात? शब्दानं शब्द वाढला. तेव्हापासून दोघं रस्त्यात समोरासमोर आले की एक जण चप्पल नीट करायला खाली वाकतो.

"अडला हरी, गाढवाचे पाय धरी," हे म्हणाले. गाढव कोण ते मला कळावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले.

"हरीला उशीर होतोय," मी म्हटलं. "उचला सुकाणू आणि चला."

पण यांनी काय करावं? पाना घेतला, दोन्ही खुंट्या लाकडापासून सोडवल्या आणि एका पोत्यात टाकल्या.

"सुकाणू?"

"ते लाकूड आहे. लाकडाला काय झालंय? उगाच गावभर वरात कशाला?"

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, त्यातली ही गत. सुकाणू खांद्यावर घेऊन भर बाजारातून मेहुण्याच्या दारात जायचं म्हणजे कोण कोणाकडे गेला ते आंधळ्यालाही दिसणार. पोत्यात काय, बटाटेसुद्धा असू शकतात.

दुकानात दादा कसल्यातरी कुलपाला कानस मारत होता. मला पाहून वहिनी आतून लगबगीनं आली. "वन्सं, या ना, उन्हात काय उभ्या?" मी आत गेले. हे उंबऱ्याबाहेर, पोतं हातात, डोक्यावर ऊन. दादानं मान वर केली नाही. कुलूप झालं, मग त्याची किल्ली झाली, मग किल्ली फिरवून बघणं झालं. यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ चालला होता आणि तो पुसायलाही हात उचलत नव्हते.

शेवटी दादानं हात पुढे केला. पोतं घेतलं, खुंट्या काढल्या, छोट्या हातोडीनं एकेकीवर टिचकी मारली. फुटक्या मडक्यासारखा दबका आवाज आला.

"सुकाणू कुठंय?"

"घरी आहे."

"दाजी, या दोन्ही खुंट्या एका रेषेत लागतात. सुकाणूवर बसवून, वरून खाली दोरा धरून जोडाव्या लागतील. आच लागली की धातू वाकतो."

"मला माहीत आहे ते. होडी मी चालवतो."

"मग घेऊन या."

"जमत असेल तर असंच करा. नसेल तर राहू द्या."

मी मधे पडले. "दादा, जाळं बाहेर आहे रे. उद्या दुपारनंतर वारा फिरतोय."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. आता खरं तर त्यानं ठणकावून 'नाही' म्हणायचं. पण तोही आमच्याच बापाचा. "ठीक आहे," म्हणाला. "वस्तू तुमची, मर्जी तुमची." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर दोन सुंभ एका दुकानात.

कामाला लागला मात्र मन लावून. तडा जिथं संपतो तिथं बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे धावत नाही. तड्याच्या कडेनं कानशीनं खाच केली. जोड नीट धरावा म्हणून टाकणखार लावला, बत्ती पेटवली, आणि यांच्या हातात सांडशी देऊन एवढंच म्हणाला, "धरा." यांनी धरली. खुंटी आधी काळवंडली, मग लालसर झाली, टाकणखाराचा काचेसारखा पातळ थर झाला आणि झाळायची कांडी टेकवताच पितळ पाण्यासारखं खाचेत धावलं.

"हलवू नका."

"हलवत नाहीये."

"हलतंय."

यांच्या मनगटाच्या शिरा टरारल्या होत्या. आयुष्यात ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं, त्याच्यापुढे हा माणूस सांडशी धरून वाकला होता, आणि मला त्यांची दयाही येत होती आणि रागही. खुंट्या राखेत निवायला ठेवल्या. निवल्या तशा पुन्हा पोत्यात घालून आम्ही घरी आलो.

खुंट्या सुकाणूवर चढवून आम्ही किनाऱ्यावर आलो. वरची खुंटी कडीत उतरली. खालची उतरेना. गव्हाच्या दाण्याएवढं अंतर, पण उतरेना. यांनी दाबलं, हलवलं, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकलं.

"मामाकडे परत जाऊ या," पोरगी म्हणाली.

"नाही."

"अहो बाबा, गव्हाएवढंच तर आहे. सुकाणू नेलं की तो..."

"नाही म्हटलं ना!"

दिवस मावळायच्या सुमाराला परसातून आवाज यायला लागला. खर्र, खर्र. मी हातातलं काम टाकून गेले. हे उकिडवे बसलेले, सुकाणू मांडीला टेकवलेलं आणि खालच्या खुंटीवर कानस चाललेली. जमिनीवर पिवळा चुरा पडला होता. दादानं जो जोड जीव ओतून भरला, तोच हे एका बाजूनं उतरवत होते.

"अहो, काय करताय हे?"

"थोडंसंच. आता बसेल बघ."

बसली. कडीत खडखडत बसली. पोरीनं वाकून खुंटीवरून बोट फिरवलं. "बाबा, हिची कंबरच गेली की."

"उद्याची एक फेरी. जाळं आलं की मग काय करायचं ते करू."

होडीला दोन माणसं लागतात, एक शिडाला, एक सुकाणूला. आणि दुसरं माणूस म्हणजे माझी पोर.

सकाळी वारा पडला होता. एक पान हलेना. असलं शांत आभाळ मला कधी आवडलं नाही. पोरगी दोऱ्या गुंडाळत होती, तळहातांना फडकी बांधून. सुकाणू भिंतीला टेकून उभं होतं, आणि त्याच्या बुडाशी ती खुंटी, एका बाजूनं कुरतडलेली. मी तिच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं. फडक्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि सुकाणू उचलून वर घेतलं. दाराएवढं उंच, भिजून भिजून जड झालेलं लाकूड. मान खांद्यात रुतली.

"कुठं निघालीस?"

"दादाकडे."

"डोकं फिरलंय का? ठेव खाली."

"फिरलंय. बाजूला व्हा."

मी बाजाराच्या रस्त्यालाच लागले. मागची गल्ली होती, पण मुद्दाम बाजारातून. चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात धरून बघायला लागली. लाँचवाला होताच. "वहिनी, फुलं वाहायला चाललात काय?" म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्या तोंडावर वाहीन, वाटेतून हला." हे माझ्या मागून चालत होते, दात आवळून बोलत, "लोक बघतायत. अगं, लोक बघतायत."

"बघू देत. फुकट आहे."

दुकानाच्या आधी चढ आहे. तिथं माझा पाय मुरगळला आणि सुकाणू मागे कलंडलं. आता हे मला घेऊनच पडतं असं वाटलं, तेवढ्यात वजन एकदम हलकं झालं. यांनी मागचं टोक खांद्यावर घेतलं होतं. "सावकाश," म्हणाले. मग मी पुढे, हे मागे, असे आम्ही दोघं सगळ्यांच्या देखत दादाच्या दारात गेलो.

दादानं खालची खुंटी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "कानस कोणी मारली?"

मला वाटलं, आता हे काहीतरी थाप मारणार, कडीवर ढकलणार. हे म्हणाले, "मी."

दादानं लगेच काम हातात घेतलं. कुरतडलेली खुंटी कापून टाकली, जाड पितळी सळईतून नवी कापली. पट्ट्या सुकाणूवर आवळल्या, वरून खाली दोरा ताणला, खुणा केल्या, जागेवर धरण्यापुरता एक टाका मारला, सोडवून पुरतं झाळलं, निवू दिलं, पुन्हा बसवून पुन्हा दोरा. वरची किंचित वाकली होती, तीही परत तापवून सरळ केली. सांडशी यांच्याच हातात होती. मधे वहिनीनं चहा आणला. यांनी घेतला आणि उभ्यानंच प्यायला. बाहेर दुकानांच्या पाट्या हळूहळू करकरायला लागल्या होत्या.

किनाऱ्यावर दादाही आला. दोन्ही खुंट्या कड्यांत अलगद उतरल्या, ना खडखड, ना अडखळ. दादानं तिथंच रॉकेल लावलं, पुसलं, खडू घासला. आम्ही वाकून बसलो. खडू पांढराच राहिला. पोरगी तर आनंदानं उडी मारून होडीत चढली, शिडाची दोरी सोडवायला लागली. "बाबा, चला, ओहोटी लागली!" समुद्राच्या कडेला मळक्या फडक्यासारखा ढगाचा पट्टा आला होता, आणि मानेवर जो वारा लागत होता तो कालच्या बाजूचा नव्हता. यांनी एक पाय होडीत ठेवला.

माझ्यानं राहवेना. "दादा, एक विचारते. तुझी मुलगी असती तर बसवली असतीस हिच्यात?"

दादा फडक्याला हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

"खडू पांढरा आहे," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय."

"जुनं ओतीव दोनदा तापवलंय. काल सुकाणू आणून एकदाच तापवलं असतं तर मी छातीला हात लावून सांगितलं असतं. आतमध्ये काय झालंय ते खडूला कळतंच असं नाही."

"हो की नाही, ते सांग."

"नाही," दादा म्हणाला. "नसती बसवली."

यांनी ते ऐकलं. एक पाय होडीत, एक पाण्यात, तसेच उभे राहिले. नजर लांब, जिकडे आमचं जाळं होतं तिकडे. "मी एकटा जातो," म्हणाले.

"शीड आणि सुकाणू? एकटे?" दादानं विचारलं.

"बाबा, चढा ना! उशीर होतोय!" पोरगी ओरडली.

मग यांनी होडीतला पाय काढून घेतला. मागे गेले, वाकले, दोन्ही हातांनी सुकाणू वर उचललं, कड्यांतून सोडवलं आणि आणून वाळूवर आडवं ठेवलं.

"उतर," पोरीला म्हणाले.

"काय?"

"उतर म्हणतोय. जायचं नाही."

ती रडली, ओरडली, वल्हं आपटलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू सांग ना यांना! आपलं जाळं आहे ते!" आपलंच होतं. त्याची गाठ न् गाठ माझ्या हाताची होती. त्याच्यासाठी मलाही वाळूत बसून रडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी असं वाटत होतं, की आता हिला घट्ट धरून नाचावं. मी काहीच केलं नाही. हे वाळूत बसले. दादा त्यांच्या शेजारी जाऊन बसला, मधे एका माणसाची जागा ठेवून. दुपारी वारा उठला तेव्हाही दोघं तिथंच बसले होते.

वारा कित्येक दिवस पडला नाही. पाणी पार होड्यांच्या शेडांपर्यंत आलं. समुद्र निवल्यावर लाँचवाला स्वतःहून यांना घेऊन शोधायला गेला, ते जाळ्याला बांधलेला एक तरंगता बोया आणि हातभर फाटकी जाळी घेऊन आले. बाकी काही सापडलं नाही.

आता हे ओसरीवर बसून नवं जाळं विणतात. दादानं नव्या खुंट्या ओतायला साचा करायला घेतलाय, त्याची मापं द्यायला हे दुकानात जातात आणि लवकर येत नाहीत. पण आमची पोरगी काही शांत होत नाही. रोज उंबऱ्यात उभी राहते, कमरेवर हात ठेवते आणि बापाला धारेवर धरते.

"तुटलं नसतं! मामाच्या हातचं काम होतं ते. खडू पांढरा होता!"

हे खाली मान घालून गाठी मारतात.

"जाऊन आलो असतो आपण. दुपारच्या आत आलो असतो. तुम्ही घाबरलात!"

"घाबरलो," हे म्हणतात.

"मी नव्हते घाबरले!"

तिचं खरंही असेल. त्या खुंट्या टिकल्याही असत्या. कोण सांगणार? ती अशी काही तारस्वरात भांडते की शेजारीण भिंतीवरून डोकावते आणि मला खुणेनं विचारते, आज काय? मी चुलीपाशी बसून तो आवाज ऐकते. एखाद्या दिवशी तो आला नाही तर हातातलं टाकून मी बाहेर बघायला जाते. ती दिसली की तिचं ताट वाढते, तिच्यापुढे ठेवते आणि म्हणते, आधी जेव बाई, आणि मग भांड. पोटभर भांड.